रंगरावांचं मेडिकल बोर्ड

"हे काय हे? वरातीला निघालात का भावजी?"

एसटी स्टँडवर रंगराव काटकरांना बघितलं आणि माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. कडक इस्त्रीची पँट, छातीवर मेडलं, बूट असे घासलेले की त्यात बघून भांग पाडावा. मिशीला पीळ. आणि कहर म्हणजे केस! आदल्या दिवसापर्यंत पांढरेफटक असलेले केस काळेभोर झाले होते. कानामागे कलपाचा ओघळ तसाच राहिला होता.

"बोर्डाफुडं जायाचं वैनी. टर्नआउट नगो का?"

"अहो, आजारी आहात म्हणून जातोय आपण! मेडिकल बोर्ड आहे ते, परेड नाही."

त्यांची बायको पारू मागे पिशवी धरून उभी होती. ती संधीच बघत होती. "आन् वैनी, पहाटं ह्यांनी दुखायची गोळी घेतलीया. एक न्हाई, दोन. नगो नगो म्हनत हुते मी. सॅल्यूट मारताना पाट वाकडी दिसाया नगो, असं म्हनत्यात!"

"पारू, गप."

"का गप? वैनीनी सांगितलं हुतं का न्हाई, गोळी घ्यायची न्हाई म्हनून?"

मी कपाळाला हात लावला. डॉक्टरांना दुखणं दिसावं म्हणून आठवडाभर बजावत होते, आणि हा माणूस दुखणं झाकून, वर रंगरंगोटी करून आला होता.

माझं नाव इंदुमती जगदाळे. अंगणवाडीत नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ आमच्या तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत घातला. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा पदरचा. मी पहिल्यांदा सभासद व्हायला गेले तेव्हा अध्यक्ष भोईटे आप्पा म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही शहिदाच्या पत्नी. तुम्ही पंधरा ऑगस्टला स्टेजवर बसायचं. काम करायला आम्ही आहोत की." मी म्हटलं, "आप्पा, स्टेजवर बसून बसून कंटाळा आला. मला काम द्या." आप्पा बिचारे गडबडले आणि एक मोठं गाठोडं माझ्याकडे सरकवलं. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या म्हातारीला दवाखान्याचं कार्ड मिळेना, कुणाच्या विधवेला दीर त्रास देतोय. तेव्हापासून मी सुटले ती सुटलेच.

एक गोष्ट मला फार लवकर कळली. ही माणसं गोळीसमोर उभी राहतात, पण सरकारी टेबलासमोर गेली की ह्यांची वाचा बसते. टेबलापलीकडचा नुसता म्हणाला, "होणार नाही," की हे "ठीक है साब" म्हणून सॅल्यूट ठोकून परत. मागणं म्हणजे ह्यांना भीक वाटते. "अहो, भीक नाही ती, कमावलेलं आहे तुमचं!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसायची वेळ आली.

त्या सगळ्यांत रंगराव पहिल्या नंबरचे. त्यांचं दुखणं पाठीच्या मणक्याचं. फौजेतून सुटताना डॉक्टरांनी लिहिलं होतं की पाठ दुखते, पण ते नोकरीमुळे नाही. का, तर नोकरीत कधी पडल्याची, मार लागल्याची नोंदच नाही. आणि ह्या गृहस्थांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं, "कोई तकलीफ नहीं साब." झालं! अपंगत्वाची पेन्शन गेली. साध्या पेन्शनीत भागेना म्हणून साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. सगळी ड्यूटी उभ्यानं. माझ्याकडे त्यांचं प्रकरण आलं तोवर उजवा पाय फरफटायला लागला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी पारूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच उभं राहात गेले तर पाय जाईल. मग काठीसुद्धा उपयोगाची नाही, खाट धरावी लागेल. पारू माझ्या दारात येऊन ढसाढसा रडली होती. "वैनी, त्यांस्नी त्या गेटवरनं खाली बसवा. मला दुसरं कायबी नगो."

अर्ज केले, फेटाळले. पुन्हा केले, पुन्हा फेटाळले. हे शेवटच्या अपिलाचं बोर्ड होतं. इथं नाही म्हणाले की दार कायमचं बंद. मग कारखान्याचं गेट, आणि त्यानंतर खाट.

गाडी आली. मी धावत जाऊन खिडकीची जागा धरली, रंगरावांना बसवलं. पुढच्या स्टॉपला कडेवर पोर घेऊन एक बाई चढली. मी दुसरीकडे बघत होते तेवढ्यात हे उठले! "बसा ताई."

"भावजी, बसा खाली!"

"लेकरू हाय वैनी तिच्याजवळ."

"मग मी उठते. तुम्ही बसा."

"तुमी उबं ऱ्हायाचं आन् मी बसायचं? काय बोलताय वैनी!"

घाट संपेपर्यंत दांडा धरून उभे राहिले. प्रत्येक वळणाला त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सरतेशेवटी मागची सीट रिकामी झाली तेव्हा मी त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं, आणि बाजूला बसून उजळणी सुरू केली.

"डॉक्टर विचारतील, कधीपासून दुखतंय?"

"लई दिस झालं."

"साल सांगायचं, भावजी."

"साल कुठलं ध्यानात ऱ्हातंय."

"बरं. कशानं झालं?"

रंगराव खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. "वयानं," म्हणाले.

"वयानं! सुटून आलात तेव्हा चाळिशी तरी ओलांडली होती का?"

"घरान्यातच हाय पाटदुकी."

मी मागे वळले. "पारू, तुझ्या सासऱ्यांची पाठ दुखायची का गं?"

"माझं सासरं मरायच्या आदल्या सालाला बी नांगर धरत हुते," पारू म्हणाली. "खोटं बोलत्यात. मला बी कवा सांगितलं न्हाई, कुटं पडलं ते. इचारलं की उटून गोठ्यात जात्यात."

"वैनी, सोडा की आता," रंगराव हळूच म्हणाले. "मिळाली तर मिळाली. नशीब."

"नशीब तुमच्या घरी ठेवा. मी आठ महिने चपला झिजवल्यात ह्या बोर्डासाठी. आज तोंड उघडलं नाहीत ना, तर याद राखा."

ते पुन्हा उसाच्या ट्रॉल्या मोजायला लागले. माझ्या जिवाला मात्र चैन पडेना. हा माणूस काय लपवतोय? दारू पिऊन पडला होता की काय ड्यूटीवर? मारामारी झाली होती? असं काही बोर्डासमोर निघालं तर सगळंच मुसळ केरात. बसमध्ये बसून मी नको नको ते विचार केले.

रंगराव माझ्या नवऱ्याचे जोडीदार. जयसिंगराव, म्हणजे आमचे हे, आणि रंगराव एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीत. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर दोघं होते. गस्तीवर असताना बर्फाचा कडा कोसळला आणि आमचे हे पेटीतून घरी आले. पेटीबरोबर आले ते रंगरावच. अंगणात अख्खं गाव जमलेलं. त्यांनी सासूबाईंना आणि मला एवढंच सांगितलं, "जागच्या जागी गेला. कायबी कळलं न्हाई त्याला. तरास न्हाई झाला." गावानं ते वाक्य उचलून धरलं. सासूबाई आल्यागेल्याला तेच सांगायच्या. मीही तेच सांगायचे. पण त्या दिवसापासून रंगराव माझ्याकडे सरळ बघायचे नाहीत. मी समोर आले की काहीतरी निमित्त काढून उठायचे. आपण जिवंत आलो आणि हिचा नवरा नाही आला, म्हणून लाजतात बिचारे, असं मी धरून चालले होते.

शहरातल्या मिलिटरी हॉस्पिटलात पोचलो. लांब व्हरांडा, फिनेलचा वास, बाकावर आमच्यासारखीच माणसं. एकाचा हात नव्हता, आणि तो शेजारच्याला हसून हसून क्रिकेटचं सांगत होता. गोळ्यांचा अंमल उतरत चालला होता. रंगरावांच्या कपाळावर घाम आला होता. पारू पदरानं पुसायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

नाव पुकारलं. संघटनेची प्रतिनिधी म्हणून मला आत बसायची परवानगी होती, पारूला नव्हती. "वैनी, बोलायला लावा त्यांस्नी," ती माझा हात घट्ट धरून म्हणाली.

आत टेबलामागे तीन डॉक्टर. मधे एक बाई, मेजर चित्रे. वयानं माझ्याहून लहानच असतील. रंगराव दारातून आत आले ते लेफ्ट-राईट करतच. टाच आपटली. त्या आपटण्यानं पाठीत काय झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. कडक सॅल्यूट!

"जय हिंद साब!"

"जय हिंद. बसा काटकर."

"ठीक है साब." उभेच.

"मराठीत बोला, मी कोल्हापूरची आहे. काय त्रास होतो?"

"कोई तकलीफ नहीं साब!"

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, इथंच ह्यांना दोन द्याव्यात.

मेजर बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "तकलीफ नाही, तर मग अपील कशासाठी केलंत?"

"वैनी ने किया साब."

"बरं. पुढे वाका. जमेल तेवढंच."

जमेल तेवढंच, असं त्यांनी सांगितलं होतं. पण हुकूम म्हणजे हुकूम. रंगराव वाकायला लागले ते थांबेचनात. तोंड पांढरं पडत चाललं, ओठ दातांत धरलेले, हात पार बुटांपर्यंत. "पुरे! पुरे काटकर!" मेजर बाई उठून आल्या, त्यांना दंडाला धरून सरळ केलं. सरळ व्हायला त्यांना किती वेळ लागला! तरी सरळ झाले ते सावधानमध्येच.

मेजर बाईंनी भिंतीवरच्या दिव्यावर एक्स-रे लावला. त्यांनी बोट ठेवलं तिथं मला नुसतं पांढरं-काळं दिसत होतं.

"हे मोडलं होतं," त्या म्हणाल्या. "जुनं आहे. आपोआप भरून आलंय, पण वाकडं. हे वयानं होत नाही आणि आजारानंही होत नाही. जबरदस्त मार लागलाय. कुठे पडला होतात?"

"याद नहीं साब."

"मणका मोडलेला माणूस विसरत नाही, काटकर."

त्यांनी हनुवटी आणखी वर उचलली.

"हे बघा, तुमच्या वेळच्या कागदांत काहीच नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर मला लिहावं लागेल की कारण माहीत नाही. मग पुढे कुणीच काही करू शकणार नाही. समजतंय ना?"

"ठीक है साब."

"ठीक काय? काय ठीक आहे?" मी उठलेच खुर्चीतून. "बाहेर ती बायको बसलीय ना तुमची, ती तुमचं हगणंमुतणं काढणार आहे का जन्मभर? दारू पिऊन पडला होतात? मारामारी केलीत? काय केलंत ते सांगून मोकळे व्हा एकदाचे! कसली लाज वाटतेय एवढी?"

"ताई, शांत व्हा," मेजर बाई म्हणाल्या.

रंगरावांची नजर समोरच्या भिंतीवर होती. ती हलली नाही. पण आवाज बदलला, आणि पहिल्यांदाच ते मराठीत बोलले. "वैनीस्नी भाईर बसवा साहेब. मग सांगतो."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आठ महिने मी ह्यांच्यासाठी दारोदार हिंडले, आणि मीच बाहेर?

"ताई, दोन मिनिटं थांबता का बाहेर?"

मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि तिथंच थांबले. तीन परक्या डॉक्टरांसमोर सांगता येतं, पण माझ्यासमोर नाही. अशी कुठली गोष्ट असणार? सगळ्या जगाला चालेल, फक्त मला नाही, अशी एकच गोष्ट होती.

मी परत फिरले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आमच्या ह्यांची गोष्ट आहे ना ती?"

रंगरावांनी मान खाली घातली. इतका वेळ ताठ धरलेली मान.

"सांगा."

"शबुद दिलाय वैनी."

"कुणाला?"

"जयसिंगाला."

"काय म्हणून?"

"इंदूला सांगू नगो म्हनला."

मला एकदम राग आला. रंगरावांचा नाही, ह्यांचा आला. मरताना मला परकं करून गेले! मी म्हटलं, "ऐका भावजी. ते गेले. त्यांच्या मागे त्यांचं जे काही आहे ते माझं आहे. त्यांचं घर माझं, त्यांची आई मी सांभाळली, त्यांची पेन्शन मी खाते. तसा त्यांना दिलेला शब्दही माझाच झाला. मी तुम्हाला त्यातून मोकळं केलं. आता बोला."

रंगरावांनी मान वर उचलली. मग भिंतीकडे बघतच बोलायला लागले.

"कडा आला तवा आमी दोगंच पुढं हुतो. मी बाजूला फेकलो गेलो, त्यो खाली घावला. उकरून काडला. पाय त्याचं कामातनं गेलं हुतं. वायरलेस बर्फात गेलेली. चौकी वर डोळ्याला दिसत हुती, पन कुनाला हाक पोचंना. म्हनून पाटीवर घेतला. मदी घसरलो. दोगं बी खाली खडकावर आलो, मी खाली, त्यो वर. तवा कमरंत मोडलं. आवाज आला मला. परत उटलो, परत घेतला."

"ते शुद्धीवर होते?" मेजर बाईंनी हळूच विचारलं.

"व्हय साहेब." रंगराव म्हणाले. मग भिंतीवरची नजर काढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "लई ओरडत हुता वैनी. मी पाऊल टाकलं की ओरडायचा. आईला हाका मारायचा. मला आयमाय काडून शिव्या द्यायचा, खाली ठेव म्हनायचा. मंग जरा थंड झाला, आन् म्हनला, रंग्या, मी असा ओरडलो त्ये इंदूला सांगू नगो. जागंवर गेला म्हनून सांग. आन् मला हितं बर्फात ठेवू नगो, घरला ने. मी म्हनलं, नेतो. चौकी यायच्या आदीच गेला."

"आणि तुमची कंबर?" मेजर बाईंनी विचारलं. "तिथं कुणाला सांगितलं नाहीत?"

"इचारलं हुतं साहेब. तुला लागलंय का म्हनून. लागलंय म्हनलं असतं तर मला दवाखान्यात टाकला असता, आन् पेटीसंगं दुसरा कुनीतरी गेला असता. चौकीवर मराठी मी एकटाच. दुसऱ्यानं वैनीच्या दारात जाऊन काय सांगितलं असतं? कसं सांगितलं असतं? मी ठीक है म्हनलं. आन् एकदा ठीक म्हनलं की मंग ठीकच."

मला तो अंगणातला दिवस आठवला. रंगराव दिवसभर भिंतीला टेकून उभे होते. बायकांनी पाट दिला, कुणी खाट दिली, पण ते बसले नाहीत. पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायले. आमच्यात कुजबुज झाली होती, फौजी माणूस, तोरा बघा! मोडका मणका घेऊन हा माणूस माझ्या नवऱ्याला माझ्या दारात घेऊन आला होता, आणि खाली बसला तर पुन्हा उठता येणार नाही म्हणून उभा होता.

"माफ करा वैनी," रंगराव म्हणाले. "नगो हुतं सांगाया."

"ओरडणारच ते!" मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला हसू येत होतं की रडू, मलाच कळत नव्हतं.

"अहो, ओरडणारच! गांधीलमाशी चावली तर आळी गोळा करणारा माणूस तो! दाढ काढायला नेलं तर डॉक्टरचा हात चावला होता त्यांनी. मी बाळंत होत होते तेव्हा माझ्यापेक्षा हेच जास्त ओरडत होते दाराबाहेर! ते गप्प बसून कसे मरतील?"

आणि मग मला रडू फुटलं. पोटातून आलं. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी सांगायचे, जागच्या जागी गेले, त्रास झाला नाही. सांगताना मला आतून काही वाटायचंच नाही. तो शांतपणे गेलेला जवान मला कधी ओळखीचा वाटला नव्हता. त्याच्यासाठी धड रडूसुद्धा आलं नव्हतं मला, आणि आपणच दगड आहोत असं मी समजत आले होते. आता रंगरावांच्या पाठीवर शिव्या देणारा, आईला हाका मारणारा, बायकोला कळू नये म्हणून धडपडणारा तो माणूस ऐकला आणि मला माझा नवरा सापडला. तीन डॉक्टरांसमोर मी पदर तोंडात कोंबून रडले. लाजबिज काही वाटली नाही.

मेजर बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. मग रंगरावांच्या मागे खुर्ची सरकवली. "बसा काटकर. हुकूम आहे."

ते बसले. दोन्ही हातांनी टेबल धरून, तोंड वेडंवाकडं करून, हळूहळू.

"आता सांगा. दुखतं का?"

रंगरावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"दुकतं साहेब," ते म्हणाले. "लई दुकतं." आणि मग बांध फुटल्यासारखे बोलत सुटले. सकाळी उठताना दुखतं, बूट घालताना दुखतं, शिंकलं तरी दुखतं, पाय रात्रभर बधिर असतो, पारूला कळू नये म्हणून तोंडात टॉवेल धरतो. मेजर बाई लिहीत होत्या, बाकीचे दोघं ऐकत होते. कुणी घाई केली नाही.

नुसत्या बोलण्यावर मात्र भागण्यासारखं नव्हतं. "चौकीवर तुमच्या मिस्टरांना कुणी आणलं, ह्याचा लेखी पुरावा लागेल," मेजर बाई म्हणाल्या. ते मला सोपं होतं. आमचे हे गेले तेव्हा पलटणीनं चौकशी केली असणार, आणि तिची नक्कल मागायचा हक्क बायको म्हणून माझा होता. मी कधी मागितलीच नव्हती. मागून करायचं काय होतं? आता मागितली. पलटणीनं पाठवली. जखमी साथीदाराला रंगराव काटकरांनी पाठीवरून आणलं, हे त्यात चौकीच्या सुभेदारांच्या सहीनं होतं. कुणी ते ह्यांच्या मणक्याशी जोडून बघितलं नव्हतं, कारण हे गृहस्थ ठीक होते ना!

बोर्डाचा निकाल आमच्या बाजूनं लागला. पेन्शनचा हुकूम आला त्याच आठवड्यात रंगरावांनी कारखान्याचं गेट सोडलं. भोईटे आप्पांनी संघटनेत पेढे वाटले आणि भाषण ठोकलं. रंगराव खुर्चीत बसून ऐकत होते. कुणी आलं की अर्धवट उठायचे, आणि मी डोळे वटारले की पुन्हा बसायचे.

पुढे दिवाळीच्या सुमाराला पारू माझ्याकडे आली. चेहरा त्रासलेला. चकलीचा डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाली, "वैनी, तुमीच बिगडवलं त्यांस्नी!"

"का गं? काय झालं?"

"काय झालं काय! उटताना आई गं, बसताना आई गं. सकाळपासनं सांजपातूर नुसतं कन्हत असत्यात. हितं दुकतंय, तितं दुकतंय, शेक दे, तेल लाव. इतकी वर्सं कवा तोंडातनं चकार शबुद काडला न्हाई, आन् आता बोर्डापुडं एकदा बोलायला काय शिकवलं तुमी, थांबायचं नावच न्हाई! माझं कान किटलं बगा."

मी डब्यातली चकली काढली, तिच्या हातात दिली. "कण्हतायत तर ऐकून घे, पारू," मी म्हटलं. "मला तेवढं ऐकायला मिळालं नाही."

पारूनं चकली न खाताच परत डब्यात ठेवली. मग उठली, पदर सारखा केला. "जाते वैनी," म्हणाली, "शेकायची येळ झाली त्यांची."